इमलीपाऱ्याचे डबे

फाइल पाठवावी की नाही, या विचारात इरावतीबाईंनी चहा दोनदा गरम केला आणि दोन्ही वेळा कपात ओतायला विसरल्या. तिसऱ्यांदा तो उतू गेला, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, नरहररावांनी, पेपर खाली ठेवला.

"काय करून राहिलीस? शेगडीची आंघोळ?"

"ती नागपूरची मुलगी फाइल मागते आहे. माझी."

"मग देऊन टाक. लोणचं घालून ठेवलं आहेस का तिचं?"

लोणचंच घातलं होतं म्हणा ना. दहा-बारा वर्षं ती फाइल इरावतीबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये मुरत पडली होती. कॉम्प्युटर बदलले, फाइल एकातून दुसऱ्यात गेली, पण घराबाहेर तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

इरावतीबाई म्हणजे चौबे कॉलनीतल्या मोघे मॅडम, एका खाजगी कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाई. मुलं शिकली आणि पांगली. काही जण बाजारात भेटले की वाकून नमस्कार करत, काही ओळख नसल्यासारखे भाजी निवडत राहत. अशा सरळसोट आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं एकच काम त्यांच्या हातून झालं होतं. शहराबाहेरच्या सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांभोवतीच्या गावांवर किती धूळ पडते, ते त्यांनी वर्षभर मोजलं होतं. पद्धत साधी होती. उघड्या तोंडाचा स्टीलचा डबा, त्यात थोडं पाणी, आणि तो छपरावर ठेवायचा. महिन्याने खाली आणायचा, पाणी आटवायचं आणि तळाशी उरलेली धूळ तोलायची. बाकी गावांत धुळीचा कहर होता, पण इमलीपारा नावाच्या एका वस्तीत (तिकडे वस्तीला पारा म्हणतात) ती निम्म्याहूनही कमी निघाली. त्या वस्तीच्या आणि कारखान्याच्या मध्ये करंज आणि सिरसाच्या झाडांची दाट रांग होती. ही झाडं धूळ अडवतात, असं इरावतीबाईंनी लिहिलं. निबंध छापून आला आणि लोकांनी वाखाणला. ठिकठिकाणी व्याख्यानाला बोलावणी आली आणि त्या 'झाडवाल्या मॅडम' झाल्या. येत्या मार्चमध्ये त्या निवृत्त व्हायच्या होत्या. कॉलेजच्या फाटकाशी झाडांची रांग लावून तिला त्यांचं नाव द्यायचं, असं प्राचार्यांच्या मनात होतं.

आणि आता ही मीनल. नागपूरला संशोधन करणारी, बोलायला गोड, पण मागणं अवघड. निबंधात इरावतीबाईंनी फक्त वर्षाच्या सरासऱ्या छापल्या होत्या. मीनलला प्रत्येक डब्याचे महिन्यावार मूळ आकडे हवे होते. तिने लिहिलं होतं, की आजकाल संशोधक आपले आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवतात. त्यामुळे दुसऱ्याला ते तपासता येतात, पुढे नेता येतात, आणि तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. त्यातला 'आजकाल' हा शब्द इरावतीबाईंना बोचला. त्यांचे गुरू शालिग्राम सर म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. निष्कर्ष द्यावा, आकडे देऊ नयेत. पंगत वाढावी, पण चुलीपाशी कोणाला फिरकू देऊ नये. सरांनी हे व्रत शेवटपर्यंत पाळलं. ते गेल्यावर त्यांची जन्मभराची मोजमापं मुलाने पंडरीच्या एका रद्दीवाल्याला दिली. इरावतीबाई पोचल्या तेव्हा तिथे फक्त रिकामा तराजू लोंबत होता.

ती आठवण झाली आणि त्यांनी बटण दाबून फाइल पाठवली. मग गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

चार-पाच दिवसांनी मीनलचा फोन आला. रागावणार नाही ना, अशी तिने सुरुवातच केली, तेव्हा इरावतीबाई खुर्चीत बसल्या. मुलगी अदबीने बोलत होती, पण मुद्द्याला पक्की होती. बाकी सगळ्या गावांत धूळ उन्हाळ्यात चढते आणि पावसाळ्यात उतरते. इमलीपाऱ्यात ती वर्षभर सारखीच आहे. झाडांनी धूळ अडवली तरी चढउतार कुठे तरी दिसायला हवा.

"अन् मॅडम, जानेवारीत तिथं पण बाकी गावांएवढीच धूळ आहे. तिन्ही डब्यांत. तो महिना तुम्ही सरासरीत घेतला नाही वाटते."

इरावतीबाईंना लख्ख आठवलं. जानेवारीचे तिन्ही डबे काळे निघाले होते. पोरांनी माती टाकली असेल, असं म्हणून त्यांनी ते आकडे बाजूला काढले होते. त्या वेळी मनात जरा खटकलं होतं, तेही आठवलं. पण छापायची होती फक्त सरासरी, आणि सरासरीत एक महिना आहे की नाही, हे बाहेरून कोणाला दिसणार? कोणाला दिसलंच नाही, म्हणून कोणी विचारलंही नाही. मी बघून सांगते, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या रात्री जेवताना नरहररावांनी भाजीत मीठ नसल्याचं सांगितलं, तर त्यांनी मिठाऐवजी साखरेचा डबा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून सुटी घेऊन त्या सिलतऱ्याला निघाल्या. इमलीपाऱ्याच्या वाटेवरची झाडं जागच्या जागी होती आणि पानं शाईत बुडवल्यासारखी काळी होती. एवढी वर्षं ती पानं पाहिली की इरावतीबाईंना बरं वाटायचं; बघा, झाडं कशी धूळ अंगावर घेतात. आज मात्र त्यांची नजर झाडांवरून पलीकडच्या कौलांवर गेली. कौलंही तेवढीच काळी होती. ती त्यांनी याआधी कधी नीट पाहिलीच नव्हती.

इमलीपाऱ्यातल्या तिन्ही डब्यांची राखण त्या वर्षी कांताबाईकडे होती. एक डबा तिच्या छपरावर आणि दोन शेजारच्या घरांवर. बाकी गावांत डबे शाळेच्या छतावर असत आणि कॉलेजचा शिपाई ते उतरवून आणी. इथे मात्र मॅडमना शिडी चढावी लागू नये म्हणून कांताबाई स्वतःच डबे उतरवून, वर स्वच्छ फडकं बांधून तयार ठेवायची. तिचा नवरा नत्थू भंडाऱ्याकडून इथे भट्टीच्या कामाला आलेला. तो आता अंगणात खाटेवर बसून होता. इरावतीबाईंना पाहून त्याने जय भीम म्हणायला तोंड उघडलं, पण आधी खोकला आला. जय भीम पुरं व्हायला वेळ लागला.

त्यांचा इथेच, हिंदी मुलखात वाढलेला मुलगा लोकेश वायरिंगची कामं करायचा. तो मोटरसायकल काढत होता. इरावतीबाईंना पाहून तो थांबला, पण त्याने नमस्कार केला नाही.

"मैडम, पिछले महीने कारखाने वालों के साथ बैठक थी," तो म्हणाला. "हम लोग बोले, रात को आप धूल पकड़ने की मशीन बंद कर देते हो, चालू रखो, और हमारे पारा में नापने का यंत्र लगाओ. तो साहब ने आपका पेपर दिखा दिया. बोले, मोघे मैडम ने खुद लिखा है, तुम्हारे यहाँ धूल आधी है."

इरावतीबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. तेवढं सांगून तो निघूनही गेला.

"त्याचं मनावर नका घेऊ मॅडम. पोट्टा तापट हाय," कांताबाई म्हणाली आणि चहाला आधण ठेवायला आत वळली. इरावतीबाईही तिच्यामागे आत गेल्या. चुलीमागच्या फळीवर पितळेची आणि स्टीलची भांडी ओळीने लावलेली होती आणि प्रत्येक भांडं झगझगत होतं. त्या पाटावर बसल्या आणि त्यांनी विचारलं, की डबे ठेवले होते त्या वर्षी जानेवारीत तू कुठे होतीस.

"पोरीच्या बाळंतपणाले गेली होती ना, गोंदियाले. त्या महिन्यात डब्याकडे कोणी पाह्यलंच नाही. तुम्ही आल्या, तं लोकेशच्या बापानं तसेच उतरवून देल्ले. मले आल्यावर समजलं. लय वंगाळ वाटलं."

"तसेच म्हणजे?"

"घाण. काळंशार पाणी होतं म्हणे. एरवी मी हर बाजाराच्या दिवशी धूत होती, उन्हाळ्यात लय काळे होत तं मधातही. राखेनं घासून, ताजं पाणी भरून वर ठेवत होती."

हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. इरावतीबाई हळूच म्हणाल्या, की मी तर धुवायला सांगितलं नव्हतं.

"आता हे काय सांगाले लागते?" कांताबाईने चहात साखर टाकली. मग जरा थांबून ती पुढे बोलली, आणि बोलताना तिने वर पाहिलं नाही. "तुम्ही पयल्या दिवशी आमच्या घरचं पाणी नाही घेतलं. तुमच्यापाशी तुमची बाटली होती. मी म्हटलं, असू द्या. पण मॅडमचा डबा आमच्या घरून घाण नाही गेला पाह्यजे. आमची सासू सांगे, लोकायचं भांडं आपल्या घरून जाईन तं असं जावं, का कोणाले बोट ठेवाले जागा नको. मंग तुम्ही चहा घेऊ लागल्या. पण सवय लागून गेली होती."

हातपंपाच्या लाल पाण्याची भीती वाटली होती, म्हणून बाटली आणली होती, असं इरावतीबाईंच्या ओठांवर आलं. पण ते बोलायला आता फार उशीर झाला होता. आणि त्या दिवशी तेवढं एकच कारण होतं का, हे त्यांना स्वतःलाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. त्यांनी चहा प्यायला. धुण्याचा परिणाम काय झाला, ते सांगायचा त्यांना धीर झाला नाही. बाहेर नत्थूचा खोकला चालूच होता. त्याला छातीच्या दवाखान्यात दाखवलं का, असं काहीतरी विचारून त्या उठल्या.

घरी येऊन त्यांनी नरहररावांना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता त्या रडल्या. झाडांना दिलेलं श्रेय खरं तर कांताबाईच्या राखेचं होतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं नाही. रडू आलं ते बैठकीच्या गोष्टीने. कांताबाईने आपल्या छपरावरची धूळ स्वतःच्या हाताने धुऊन काढली, इरावतीबाईंनी ती कमी म्हणून नोंदली, आणि आता तिच्याच नवऱ्याला आणि मुलाला सांगितलं जात होतं की धूळ नाहीच. फाइल त्याच वर्षी सगळ्यांसमोर ठेवली असती, तर तेव्हाच्या एखाद्या मीनलने हाच प्रश्न विचारला असता. एखाद्या बाजाराच्या दिवशी येऊन चूक सुधारता आली असती. त्यात नत्थूची बरीच वर्षं गेली, ती आता कोण परत आणणार?

फाइल देऊन टाक म्हणून चिडवणारे नरहरराव आता मात्र घाबरले होते. मार्चपर्यंत थांब, असं त्यांनी सुचवलं. निरोप समारंभ होऊ दे, मग सावकाश कळव. त्या पोरीलाही समजावून सांगता येईल. एवढी वर्षं कोणाचं काही अडलं नाही.

"इमलीपाऱ्याचं अडलं," इरावतीबाई म्हणाल्या.

तो आठवडा त्यांनी लिहिण्यात घालवला. मीनलने सांगितलेल्या संकेतस्थळावर सगळे आकडे ठेवायचे होते. जानेवारीचे आकडे वगळले होते हेही लिहायचं होतं. आणि निबंध छापणाऱ्या संपादकांना कळवायचं होतं, की माझा इमलीपाऱ्याबद्दलचा निष्कर्ष मागे घ्या. आकड्यांचं काम सोपं होतं. कारण लिहिताना मात्र पेन अडलं. पहिल्या खर्ड्यात 'स्थानिक महिलेच्या अज्ञानामुळे' असे शब्द आले. ते वाचून इरावतीबाईंचे कान तापले. अज्ञान तिचं कसं? डबा कसा ठेवायचा, कुठे ठेवायचा, पाणी किती घालायचं, हे सगळं त्यांनी तिला शिकवलं होतं आणि तिने ते तंतोतंत पाळलं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं: डबे दर आठवड्याला, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त वेळा, धुतले जात होते. काय करावे हे संशोधिकेने सांगितले होते, काय करू नये हे सांगितले नव्हते, आणि वर्षभरात एकदाही विचारले नव्हते.

प्राचार्यांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि फाटकाशी लावायच्या झाडांचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

मात्र हे सगळं जगापुढे जायच्या आधी कांताबाईच्या कानावर घालायला हवं होतं. रविवारी त्या पुन्हा इमलीपाऱ्याला गेल्या. लोकेश घरीच होता. इरावतीबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कांताबाईला समजायला थोडा वेळ लागला आणि समजलं तेव्हा तिच्या हातातलं तांदूळ निवडायचं सूप तसंच मांडीवर राहिलं.

"म्हणजे धूळ होती. बाकी गावांएवढीच."

"हो."

"अन् मी ते नालीत टाकून देत होती."

खाटेवरून नत्थू तिच्याकडे बघत होता.

"चूक माझी आहे, कांताबाई. धुवू नका, एवढं एक वाक्य मी बोलले नाही."

कांताबाईने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "बोलल्या असत्या, तं मी ऐकलं असतं का, कोणाले माहीत," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "अन् हे आता कोण पाहीन?"

इरावतीबाईंनी सांगितलं, की ज्याला पाहायचं तो पाहील. त्यात कोणाचं नाव नाही, घरांचे फक्त नंबर आहेत. पण आकडे सगळे आहेत आणि त्यांना कुलूप नाही. कारखान्याचे साहेब पाहू शकतात, सरकारी ऑफिसर पाहू शकतात, नागपूरची मीनल पाहू शकते, लोकेशही पाहू शकतो. कोणाची परवानगी लागत नाही.

लोकेशने मोबाइल पुढे केला. त्यावरूनच इरावतीबाईंनी आकडे सगळ्यांसाठी खुले केले आणि ते कसे काढायचे, ते त्याला दाखवलं. तो बराच वेळ बोटाने वर-खाली करत राहिला आणि एका ओळीवर थांबला.

"मतलब यही एक महीना सच्चा है? जनवरी वाला?"

"तेवढा एकच."

"एक महीने को कौन मानेगा, मैडम. फिर से रखिए."

त्यासाठीच इरावतीबाईंनी पिशवीतून डबे आणले होते. या वेळी तिन्ही डबे कांताबाईच्याच छपरावर ठेवायचे आणि महिनाभर धुवायचे नाहीत, असं ठरलं. आईच्या हातून ते घेऊन लोकेश शिडीवर चढला, आणि त्या दिवशी निघताना त्याने त्यांना बस येईपर्यंत सोबत केली. बस दिसली तेव्हा तो म्हणाला, की पुढच्या बैठकीला आकड्यांचा कागद मी स्वतः नेईन, तुम्ही नाही आलात तरी चालेल. इरावतीबाई म्हणाल्या, मी येईन.

तो महिना कांताबाईला जड गेला. लोकेश फोनवर सांगायचा. बाजाराच्या दिवशी आई राखेचा गोळा हातात घेऊन शिडीपाशी जाते, उभी राहते आणि परत येते. एकदा शेजारणीने हटकलं, की तुझ्या छपरावर भांडी किती घाण झालीत, तुझं लक्ष कुठे असतं? त्या रात्री आई जेवली नाही.

डबे उतरवायच्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा कांताबाईचं अंगण नुकतंच सारवलेलं होतं. उंबरा धुतलेला होता. खाटेवर नवी चादर होती आणि नत्थूला धुतलेला सदरा घालून बसवलं होतं. न्हाणीपाशी घरातली यच्चयावत भांडी घासून उन्हात पालथी घातली होती, त्यांच्याकडे बघवत नव्हतं इतकी ती चमकत होती. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी उभ्या होत्या. लोकेशने वरून पहिला डबा खाली दिला आणि तो कांताबाईने झेलला. कडेला काजळीचा जाड पट्टा धरला होता आणि आत डांबरासारखं पाणी हलत होतं.

तिने सवयीने पदराचं टोक कडेवर नेलं. मग हात थांबवला आणि पदर परत खांद्यावर घेतला.

कुंपणापाशी कुजबूज झाली. कांताबाई तो डबा घेऊन, सगळ्यांच्या देखत, अंगण ओलांडून आली. हात लांब धरले होते, मान ताठ होती आणि डोळे भरून आले होते.

"घ्या मॅडम," ती म्हणाली. "हाय तसा हाय."

इरावतीबाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. त्यांची बोटं काळी झाली. कांताबाई त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती दुसरा डबा घ्यायला शिडीकडे वळली होती.